मॅक ॲड्रेस शोधणारं पायथन टूल: देखभालीच्या नोंदी

६ जानेवारी

हे टूल एकच काम करतं. आयपी पत्ता, होस्टचं नाव किंवा इंटरफेसचं नाव दिलं की त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, परत देतं. लिनक्स, विंडोज, मॅकओएस आणि बीएसडी या सगळ्यांवर चालायला हवं, बाहेरचं एकही पॅकेज न लावता, फक्त पायथनच्या स्टँडर्ड लायब्ररीवर. असं काही तुम्ही लिहीत असाल किंवा दुसऱ्याचं सांभाळत असाल, तर पुढच्या नोंदी उपयोगी पडतील.

आज साचलेल्या सगळ्या तक्रारी एकदा सलग वाचल्या. त्यांचे दोन गट पडतात: "काहीच मिळालं नाही" आणि "भलताच ॲड्रेस मिळाला". पहिला गट मोठा आहे, पण आधी दुसरा घेतोय. टूलनं नन (पायथनमधलं "काहीच नाही" असं मूल्य) परत दिलं तर वापरणाऱ्याला निदान कळतं की पुढे काय करायचं ते आता आपल्याला बघायचंय. भलताच ॲड्रेस मिळाला तर तो तसाच डीएचसीपीच्या रिझर्व्हेशनमध्ये (ठराविक यंत्रासाठी राखलेल्या आयपींमध्ये) जातो, यंत्रांच्या यादीत जातो, वेक-ऑन-लॅनचं (यंत्र दुरून चालू करण्याचं) पॅकेट भलत्याच यंत्राला जातं, आणि महिन्याभरानं कोणी शोधायला बसलं तर या टूलचा संशयही येत नाही. म्हणून या फेरीत एकच कसोटी: खात्री नसेल तर नन.

९ जानेवारी

पहिली तक्रार: १९२.१६८.०.१ विचारलं की कधी बरोबर उत्तर येतं, कधी १९२.१६८.०.१० चा ॲड्रेस येतो.

कारण रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात शोधायच्या नमुन्यात) होतं. एआरपी कमांड शेजारी यंत्रांचे आयपी आणि मॅक यांचा तक्ता छापते. तिच्या आउटपुटमध्ये आयपी सापडला की त्याच्या पुढचा मॅक उचलायचा, एवढाच नियम होता. "०.१" हा "०.१०" च्या पोटात बसतो, त्यामुळे तक्त्यात जी ओळ आधी येईल तिचा ॲड्रेस मिळायचा. एआरपी तक्त्यातल्या ओळींचा क्रम ठरलेला नसतो, म्हणून बग कधी दिसायचा, कधी नाही. शिवाय आयपीतले टिंब एस्केप केलेले, म्हणजे साधी टिंबं म्हणून धरायला सांगितलेले, नव्हते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर.

दुरुस्ती: आयपी आधी आरई मॉड्यूलच्या एस्केप फंक्शनमधून काढायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आकडा किंवा टिंब नाही हे तपासायचं. लिनक्सवर तर रेग्युलर एक्स्प्रेशनची गरजच नव्हती. /प्रॉक/नेट/एआरपी ही फाइल ओळीनं वाचायची, मोकळ्या जागांवर तोडायची आणि पहिला रकाना आयपीशी जसाच्या तसा जुळतो का बघायचं.

११ जानेवारी

याच जातीचा पण जास्त फसवा बग विंडोजवर होता. स्वतःच्याच संगणकाचा आयपी विचारला की राउटरचा मॅक यायचा.

विंडोजवर एआरपी कमांडचं आउटपुट इंटरफेसनुसार गटांत येतं, आणि प्रत्येक गटाच्या मथळ्यात त्या इंटरफेसचा स्वतःचा आयपी छापलेला असतो. त्याखाली रकान्यांची नावं, मग नोंदी. आपलं रेग्युलर एक्स्प्रेशन ओळ ओलांडू शकत होतं. त्याला मथळ्यात आयपी सापडला, पुढचा पहिला मॅक खालच्या नोंदीत, आणि तिथे बहुधा राउटरच असतो.

मुळात स्वतःचा ॲड्रेस एआरपी तक्त्यात शोधायचाच नसतो. तो तक्ता शेजाऱ्यांचा. म्हणून आता आधी हा आयपी आपलाच आहे का हे पाहतो: त्या आयपीवर शून्य पोर्टनं यूडीपी सॉकेट बाइंड करून (त्या पत्त्याला जोडून) बघायचं. बाइंड झालं तर आयपी आपला. मग तो कुठल्या इंटरफेसवर आहे ते शोधून त्या इंटरफेसचा ॲड्रेस द्यायचा. यात एक खोच आहे. लिनक्सवर "नॉनलोकल बाइंड" ही कर्नलची सेटिंग चालू असेल तर परक्या आयपीवरही बाइंड होतं, आणि लोड बॅलन्सरच्या यंत्रांवर ती बऱ्याचदा चालू असते. त्यामुळे बाइंड झालं तरी इंटरफेसच्या यादीत तो आयपी प्रत्यक्ष दिसल्याशिवाय "आपला" म्हणत नाही.

१५ जानेवारी

शून्यांची तक्रार. बंद यंत्राचा आयपी विचारला की ००:००:००:००:००:०० मिळतो.

लिनक्सनं विचारणा पाठवली आणि उत्तर आलं नाही, तर /प्रॉक/नेट/एआरपी मध्ये त्या आयपीची ओळ उभी राहते आणि ॲड्रेसच्या रकान्यात सगळी शून्यं असतात. कोणीतरी पूर्वी सुचवलं होतं की सगळी शून्यं आली तर नन द्या. पण तेवढ्यानं भागत नाही, हे आज एक यंत्र चालू-बंद करून बघताना दिसलं. यंत्र आधी चालू होतं आणि मग बंद झालं, तर त्याच ओळीत जुना, पूर्ण, खरा दिसणारा मॅक राहू शकतो. बदलतो तो फ्लॅगचा रकाना. ०x२ म्हणजे नोंद पूर्ण, ०x६ म्हणजे हातानं घातलेली कायमची नोंद, आणि ०x० म्हणजे या नोंदीवर विसंबू नका. आपण तो रकाना वाचतच नव्हतो.

आता फ्लॅगमध्ये ०x२ चा बिट नसेल तर ओळ सोडून देतो. "आयपी" कमांडच्या नेबर उपकमांडमध्ये हीच गोष्ट शब्दांत दिसते: फेल्ड किंवा इनकम्प्लीट असेल तर सोडा. स्टेल असेल तर मात्र घ्या. स्टेल म्हणजे नोंद ताजी पडताळलेली नाही, एवढंच. तिला चुकीची समजून टाकून दिलं तर निम्मे खरे ॲड्रेस हातचे जातात. तसं केलेलं एक फोर्क (या टूलची दुसऱ्या कोणी बदललेली प्रत) पाहिलं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

१८ जानेवारी

मॅकओएस. एआरपी कमांड तिथे प्रत्येक जोडीतलं पुढचं शून्य गाळते: ००:००:५ई:००:५३:०१ हा ॲड्रेस ०:०:५ई:०:५३:१ असा येतो. दोन-दोन अंकच हवेत असं धरलेलं रेग्युलर एक्स्प्रेशन इथे काहीच पकडत नाही, किंवा त्याहून वाईट, अर्धवट पकडतं. एक किंवा दोन अंक स्वीकारायचे, मग प्रत्येक जोडीला डावीकडून शून्य भरून, सगळं लहान लिपीत आणि कोलन लावून परत द्यायचं. विंडोजचे हायफनही इथेच कोलन होतात. हे काम आता एकाच फंक्शनमध्ये आहे आणि बाहेर पडणारा प्रत्येक ॲड्रेस त्यातूनच जातो.

२४ जानेवारी

नवं काही नाही, पण या फेरीतलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं.

माझ्याकडे सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नाहीत, आणि कोणाकडेच नसतात. म्हणून टेस्टची रचना बदलली. प्रत्येक कमांड आणि प्रत्येक फाइल वाचणारा कोड एका बाजूला, आणि मिळालेला मजकूर समजून घेणारा कोड दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या कोडला खरी कमांड लागत नाही, फक्त मजकूर लागतो. मग वापरणाऱ्यांकडून आलेली आउटपुटं फाइलमध्ये ठेवली: जुनं इफकॉन्फिग "एचडब्ल्यूॲडर" असा शब्द छापतं, नवं "ईथर" छापतं, ओपनबीएसडी "एलएलॲडर". तिन्ही आता टेस्टमध्ये आहेत.

नमुने घेताना एक काळजी घ्या. मॅक ॲड्रेस हा माणसाच्या यंत्राचा ओळखक्रमांक आहे, आणि आउटपुटमध्ये शेजारच्या यंत्रांचेही असतात. ते तसेच सगळ्यांना दिसणाऱ्या रेपॉझिटरीत ठेवायचे नाहीत. दाखल्यांसाठी राखीव असा एक पट्टा आहे, ००:००:५ई:००:५३:०० पासून ००:००:५ई:००:५३:एफएफ पर्यंत. आलेला प्रत्येक ॲड्रेस त्या पट्ट्यातला करून घेतो, यंत्रांची नावं बदलतो, मगच नमुना आत. या पट्ट्यात शून्यं भरपूर असल्यामुळे मॅकओएसची शून्य गाळण्याची गोष्टही आपोआप तपासली जाते.

बदल फक्त मूल्यांत करायचा. मोकळ्या जागा, टॅब, ओळींचे शेवट यांना हात लावायचा नाही. एका नमुन्यात एडिटरनं ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकल्या होत्या आणि टेस्ट पास होत होती, प्रत्यक्ष यंत्रावर मात्र कोड पडत होता. ते कळायला एक पूर्ण संध्याकाळ गेली. आता नमुन्यांच्या फोल्डरला एडिटरच्या आपोआप सफाईतून वगळलंय.

२ फेब्रुवारी

विंडोजवर युनिकोड डीकोड एरर. फक्त काही जणांना, आणि ते सगळे इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतलं विंडोज वापरणारे.

कोडपेज म्हणजे कुठला बाइट कुठल्या अक्षरासाठी याचा तक्ता. कन्सोलच्या कमांड जुन्या ओईएम कोडपेजमध्ये छापतात, उदाहरणार्थ ८५०. पायथनचं सबप्रोसेस मात्र मजकूर मागितला की सिस्टिमच्या दुसऱ्या, एएनएसआय कोडपेजनं वाचायला जातं, उदाहरणार्थ १२५२. बहुतेक वेळा वेडीवाकडी अक्षरं येतात आणि कोणाचं लक्ष जात नाही. पण जर्मनमधला दोन टिंबांचा यू ८५० मध्ये ०x८१ असतो, आणि १२५२ मध्ये ०x८१ या जागी अक्षरच नाही. ॲडॉप्टरच्या नावात ते अक्षर आलं की प्रोग्राम तिथेच थांबतो.

दुरुस्ती सोपी निघाली. पायथन ३.६ पासून विंडोजवर "ओईएम" नावाचं एन्कोडिंग मिळतं. ते स्पष्ट लिहायचं, आणि न कळलेल्या बाइटसाठी "रिप्लेस" धोरण ठेवायचं. आपल्याला हवे ते अंक, ए ते एफ ही रोमन अक्षरं आणि हायफन. ते सगळ्या कोडपेजमध्ये एकाच जागी असतात. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ वाचन होणार आहे, तेव्हा एन्कोडिंग न लिहिलेला कोड आणखी ठिकाणी अडेल. आत्ताच लिहून टाका.

भाषेचा दुसरा त्रास: "फिजिकल ॲड्रेस" हा मथळा शोधणारा कोड जर्मन किंवा फ्रेंच विंडोजवर आंधळा असतो. लिनक्सवर कमांड चालवताना एलसी_ऑल हे व्हेरिएबल "सी" करून भाषा इंग्रजी करता येते. विंडोजवर तशी सोय नाही. म्हणून विंडोजवर मजकूर वाचणंच सोडायचं ठरवलं.

८ ते १६ फेब्रुवारी

ठरवायला अजून एक कारण होतं. डब्ल्यूएमआयसी ही सिस्टिमची माहिती सांगणारी कमांड विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून आधीपासून बसवलेली येत नाही, आणि आपल्या दोन पद्धती तिच्यावर उभ्या होत्या. पॉवरशेलनं काम होतं, पण तो सुरू व्हायलाच वेळ लागतो. शंभर आयपी विचारणाऱ्याला ते परवडत नाही.

उरलेला मार्ग म्हणजे सीटाइप्सनं (पायथनमधून सी भाषेतली फंक्शनं बोलावणाऱ्या मॉड्यूलनं) थेट आयपीएचएलपीएपीआय डीएलएलला विचारणं. शेजाऱ्याच्या ॲड्रेससाठी सेंडएआरपी, स्वतःच्या इंटरफेससाठी गेटॲडॉप्टर्सॲड्रेसेस.

सेंडएआरपी लवकर जमलं. आयपी नेटवर्कच्या बाइट-क्रमात द्यावा लागतो, एवढं सांभाळा. जुन्या कोडमध्ये आयनेट_ॲडर फंक्शन वापरलं होतं आणि त्याचा परत येणारा प्रकार सीटाइप्सला सांगितला नव्हता. न सांगितल्यास सीटाइप्स चिन्हासह पूर्णांक धरतं, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावर येणारं ४२९४९६७२९५ हे मूल्य -१ होऊन यायचं आणि आपली तपासणी ते कधीच पकडत नव्हती. आता सॉकेट मॉड्यूलचं आयनेट_एटन वापरतो आणि सगळ्या फंक्शनांचे आर्गटाइप्स, रेसटाइप लिहिलेले आहेत. लक्षात ठेवा: सेंडएआरपी फक्त आयपीव्ही४ साठी आहे, आणि नसलेल्या यंत्राचा आयपी दिला की ते काही सेकंद अडून राहतं. मुख्य थ्रेडवर शंभर पत्ते फिरवू नका.

गेटॲडॉप्टर्सॲड्रेसेसनं मात्र आठवडा खाल्ला. यात एका स्ट्रक्चरमधून दुसऱ्याकडे बोट दाखवणारी साखळी आहे. एखादं फील्ड विसरलं की पुढची सगळी सरकतात, आणि एरर येत नाही, कचरा येतो. ६४ बिटवर चालणारी व्याख्या ३२ बिटवर चुकत होती, कारण मधलं एक युनियन मी साध्या आकड्यांत उलगडून लिहिलं होतं आणि त्याची अलाइनमेंट हरवली. युनियन युनियन म्हणूनच लिहिल्यावर दोन्हीकडे नीट बसलं. बफर सुरुवातीलाच १५ केबीचा द्यायचा, ही मायक्रोसॉफ्टची स्वतःची सूचना आहे. तरी १११ हा एरर आला तर फंक्शननं सांगितलेल्या आकाराचा नवा बफर घेऊन पुन्हा विचारायचं.

या कष्टाचं फळ म्हणजे आता विंडोजवर आयपीव्ही४ साठी एकही कमांड चालवावी लागत नाही. भाषा कुठली, कोडपेज कुठलं, कमांड आहे की नाही, हे प्रश्नच गेले.

१९ फेब्रुवारी

ॲड्रेसच्या लांबीबद्दल. प्रत्येक इंटरफेसचा ॲड्रेस सहा बाइटचा नसतो. इन्फिनीबँडचा २० बाइटचा, फायरवायरचा आठ बाइटचा, आणि विंडोजवरचे काही टनेल ॲडॉप्टर ००-००-००-००-००-००-००-ई० असा आठ बाइटचा दाखवतात. सहा जोड्या शोधणारं रेग्युलर एक्स्प्रेशन यातल्या पहिल्या सहा जोड्या मुकाट्यानं घेतं. आता आधी-नंतर आणखी जोडी नाही हेही तपासतो. गेटॲडॉप्टर्सॲड्रेसेस लांबी वेगळ्या फील्डमध्येच देतं, तिथे ६ नसेल तर सोडतो.

२२ फेब्रुवारी

सगळ्या पद्धती फसल्या तर शेवटचा आधार म्हणून यूयूआयडी मॉड्यूलचं गेटनोड फंक्शन वापरलं होतं. ते काढलं.

गेटनोडला खरा ॲड्रेस सापडला नाही तर ते ४८ बिटांची यादृच्छिक संख्या बनवून देतं. दिसायला ती मॅकसारखीच असते. प्रोग्राम पुन्हा चालवला की दुसरी संख्या. एकानं याच आकड्यावर आपल्या यंत्रांची ओळख बेतली होती आणि एकच कंटेनर रोज नवीन यंत्र म्हणून नोंदला जात होता. बनावट संख्या ओळखता येते, कारण तिच्या पहिल्या बाइटचा सर्वांत खालचा बिट मुद्दाम १ केलेला असतो. तो मल्टिकास्टचा (अनेकांना एकदम पाठवण्याचा) बिट, एकट्या कार्डाच्या ॲड्रेसमध्ये तो कधीच १ नसतो. तपासणी लिहून गेटनोड ठेवता आलं असतं, पण तो ॲड्रेस कुठल्या इंटरफेसचा हे कळत नाही, म्हणून काढणंच बरं.

१ मार्च

काहीच न विचारता टूल चालवलं तर कुठला ॲड्रेस द्यायचा? आजवर "पहिला मिळेल तो" असं होतं. आता ज्या इंटरफेसवरून डीफॉल्ट राउट (बाहेर जाणाऱ्या पॅकेटची नेहमीची वाट) जातो त्याचा.

लिनक्सवर /प्रॉक/नेट/राउट वाचतो. त्यात पत्ते यंत्राच्या स्वतःच्या बाइट-क्रमात असतात: नेहमीच्या इंटेल किंवा आर्म यंत्रावर १९२.१६८.०.१ हे ०१००ए८सी० असं दिसतं. बिग-एंडियन यंत्रावर उलट. उलटवण्याचा कोड हातानं लिहू नका, स्ट्रक्ट मॉड्यूलला यंत्राचाच क्रम वापरायला सांगा.

व्हीपीएन चालू असताना डीफॉल्ट राउट बऱ्याचदा टन या आभासी इंटरफेसवर जातो आणि त्याला मॅक नसतोच. /सिस/क्लास/नेट मधली त्याची ॲड्रेस फाइल रिकामी असते. यावर वाद झाला. काहींना वाटतं अशा वेळी पुढचं खरं कार्ड द्यावं. पण पुढचं म्हणजे कुठलं? वायफाय की केबल? नन देतो, आणि इंटरफेसचं नाव देऊन विचारायला सांगतो.

बाँडिंग (अनेक कार्डं मिळून एक करणं) वापरणाऱ्यांसाठी: बाँडमधली कार्डं /सिस मध्ये बहुधा सगळी एकच ॲड्रेस दाखवतात. कार्डाचा मूळ ॲड्रेस /प्रॉक/नेट/बाँडिंग मध्ये "पर्मनंट" म्हणून वेगळा लिहिलेला असतो. तो हवा असल्यास नवा पर्याय दिलाय.

७ मार्च

तक्त्यात नोंदच नसेल तर ती आधी निर्माण करावी लागते. पिंग वापरत नाही. पिंगचे पर्याय प्रत्येक सिस्टिमवर निराळे, आणि अनेक यंत्रं पिंगला उत्तर देत नाहीत. त्याऐवजी त्या आयपीच्या एखाद्या वरच्या पोर्टवर रिकामं यूडीपी पॅकेट पाठवायचं. पोर्ट बंद असलं तरी चालतं, कारण पॅकेट निघण्याआधीच कर्नलला शेजाऱ्याचा मॅक विचारावा लागतो. मग थोडं थांबून तक्ता वाचायचा, न मिळाल्यास थोड्या अंतरानं पुन्हा.

पाठवताना येणारे ओएसएरर सगळे पकडा. मॅकओएसवर आधीची विचारणा फसली असेल तर "होस्ट डाउन" येतो. ब्रॉडकास्ट पत्त्यावर परवानगीचा एरर येतो. शिवाय मॅकओएस १५ पासून लोकल नेटवर्कसाठी प्रोग्रामला परवानगी लागते. टर्मिनलमधून सगळं ठीक आणि एडिटरच्या आतून चालवलं की "नो राउट टू होस्ट", असं दिसलं तर कोड तपासत बसण्याआधी सिस्टिम सेटिंगमधली ती परवानगी बघा. माझा यात बराच वेळ गेला.

दुसऱ्या सबनेटमधल्या यंत्राचा मॅक मिळत नाही, मिळूही शकत नाही. एआरपी राउटरच्या पलीकडे जात नाही. ही तक्रार वारंवार येते, म्हणून आता मदतीच्या मजकुरात पहिल्याच ओळीत लिहिलंय.

९ मार्च

सुरक्षेची दुरुस्ती. होस्टचं नाव जसंच्या तसं शेलच्या ओळीत चिकटवलं जात होतं. नावात अर्धविराम घालून कोणीही दुसरी कमांड चालवू शकलं असतं. शेल पूर्ण बंद, आर्ग्युमेंट यादीनं, आणि आयपी आधी आयपीॲड्रेस मॉड्यूलमधून तपासून. पाथमध्ये /एसबिन आणि /यूएसआर/एसबिनही जोडतो, कारण क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालवताना ते नसतात आणि इफकॉन्फिग सापडत नाही.

१५ मार्च

कंटेनर, डब्ल्यूएसएल, अँड्रॉइड.

बऱ्याच लहान कंटेनर इमेजमध्ये आयपी, इफकॉन्फिग, एआरपी यातलं काहीच नसतं. लिनक्सवर फाइल वाचणं पहिल्या क्रमांकावर आणल्यामुळे आता तिथे चालतं. कंटेनरमध्ये ०२:४२:एसी:११:००:०२ असा ॲड्रेस दिसला तर तो कार्डाचा नाही. डॉकरनं १७२.१७.०.२ या आयपीवरून तो बनवलाय, शेवटचे चार बाइट म्हणजे आयपीच.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) हे स्वतंत्र आभासी यंत्र आहे, त्यामुळे नेहमीच्या मांडणीत त्याला घरच्या जाळ्यातले शेजारी दिसतच नाहीत. तिथून विंडोजच्या एआरपीला हाक मारता येते, पण मग उत्तर विंडोजच्या नजरेतलं असतं. तो पर्याय मुद्दाम मागितल्याशिवाय वापरत नाही.

अँड्रॉइड १० पासून ॲपना /प्रॉक/नेट वाचता येत नाही. इथे नन, दुसरं काही नाही. पळवाटा शोधणारे दोन प्रस्ताव नम्रपणे परत केले. ती बंदी वापरणाऱ्याच्या खाजगीपणासाठी आहे आणि ती ओलांडणं या टूलचं काम नाही.

२३ मार्च

आयपीव्ही६ (लांब पत्त्यांची नवी आयपी आवृत्ती) मध्ये एआरपी नाही, शेजारशोधाचं वेगळं तंत्र आहे. लिनक्सवर त्याच नेबर उपकमांडमध्ये, मॅकओएसवर एनडीपी कमांड, विंडोजवर नेटशेल. लिंक-लोकल पत्त्याला टक्केचिन्ह लावून इंटरफेसचं नाव हवंच, नाहीतर पॅकेट कुठून पाठवायचं ते कर्नलला ठरवता येत नाही.

एक प्रस्ताव आला होता की आयपीव्ही६ पत्त्याच्या मध्ये एफएफएफई दिसलं तर पत्त्यावरूनच मॅक काढता येईल. जुन्या पद्धतीत तो खरोखर तिथूनच बनतो, एक बिट उलटा करून. पण आताच्या सिस्टिम पत्त्याचा तो भाग बहुधा यादृच्छिक ठेवतात, आणि एफएफएफई दिसलं तरी तो पत्ता कोणी हातानंही घातलेला असू शकतो. तक्त्यात पाहिलेला ॲड्रेस आणि पत्त्यावरून अनुमानलेला ॲड्रेस एकाच फंक्शनमधून बाहेर पडता कामा नये. प्रस्ताव घेतला नाही.

४ एप्रिल

मॅकच्या सुरुवातीच्या बिटांवरून उत्पादकाचं नाव शोधणं. इथे इतकं काम निघेल असं वाटलं नव्हतं.

उत्पादकांना ॲड्रेसचे गट वाटून देणाऱ्या आयईईई या संस्थेची यादी तीन आकारांत असते: २४ बिटांचा गट, ज्यात १,६७,७७,२१६ ॲड्रेस बसतात, २८ बिटांचा, १०,४८,५७६, आणि ३६ बिटांचा, ४,०९६. आपण फक्त पहिले २४ बिट बघत होतो, म्हणून कित्येक लहान उपकरणांचा उत्पादक "आयईईई रजिस्ट्रेशन ऑथॉरिटी" असा यायचा. तो मोठा गट तुकड्यांत वाटलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. आता आधी ३६, मग २८, मग २४.

नाव यादीत नसेल तर पहिल्या बाइटचा खालून दुसरा बिट बघतो. तो १ असेल, म्हणजे मॅकचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर ॲड्रेस स्थानिक पातळीवर बनवलेला आहे. हल्लीचे फोन वायफायवर असेच ॲड्रेस वापरतात: अँड्रॉइडवर २०१९ च्या १० पासून, आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून. त्यांना "उत्पादक अज्ञात" म्हणणं दिशाभूल आहे. "स्थानिक ॲड्रेस" असं वेगळं उत्तर देतो. मात्र ०२:६०:८सी आणि एए:००:०४ सारखे काही जुने गट हा बिट १ असूनही यादीत नोंदलेले आहेत, म्हणून आधी यादी, मग बिट.

यादीची फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करू नका. एका सुधारणेत ०००१ई३ चं १००० झालं होतं, आणि नुसते अंक असलेल्या गटांची पुढची शून्यं गेली होती. आता प्रत्येक ओळीतला गट ६, ७ किंवा ९ अंकांचाच आहे का हे टेस्ट तपासते.

१२ एप्रिल

पायथनच्या आवृत्त्या. ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स गेलं, आणि कमांड शोधायला आपण त्यातलंच फंक्शन वापरत होतो. एसएचयूटिलचं व्हिच वापरलं, ओळ एकच बदलली. ३.१२ मध्येच स्ट्रिंगमधल्या चुकीच्या बॅकस्लॅशवर दिसणारी सूचना येऊ लागली. सगळी रेग्युलर एक्स्प्रेशनं रॉ स्ट्रिंग केली. पायथन २.७ चा आधार २०२० च्या १ जानेवारीलाच संपला. त्यासाठीचा वेगळा कोड आज काढला आणि फाइल लक्षणीय आटली.

२० एप्रिल

रिलीज केलं. मोठा आवृत्ती-आकडा बदललाय, कारण जिथे पूर्वी काहीतरी ॲड्रेस यायचा तिथे आता नन येऊ शकतं, आणि ननची तपासणी न करणारा कोड पडेल. बदलांच्या यादीत हे सगळ्यात वर लिहिलंय. कोणत्या पद्धतीनं ॲड्रेस मिळाला हे सांगणारा तपशील-पर्यायही जोडलाय. तक्रार करताना त्याचं आउटपुट चिकटवा, ॲड्रेस राखीव पट्ट्यातले करून.

२६ एप्रिल

पहिली तक्रार आली: सोलॅरिसवर इफकॉन्फिगचं आउटपुट वाचता येत नाही. पाठवणाऱ्यानं नमुना सोबत जोडलाय, तिथेही पुढची शून्यं गाळलेली आहेत. नमुना टेस्टमध्ये टाकला, टेस्ट पडते. उद्या त्याचं रेग्युलर एक्स्प्रेशन.